वीजबचतीचे फलक लागले, बिल मात्र तेवढंच

ताई, १४ डिसेंबरला ऊर्जा संवर्धन दिनाची फेरी काढली, निबंधस्पर्धा घेतली, तरी धुळ्यातल्या तुमच्या शाळेचं बिल जसंच्या तसं, आणि मुलांच्या घरचंही, हे तुम्ही लिहिलेलं वाचून राहवलं नाही. भुसावळात विज्ञान शिकवताना मी हेच भोगलंय.

एलईडी लावा, बटणं बंद करा हे तुम्हाला सांगायला नको. आमचं घोडं अडलं बिलापाशी. शाळेचं बिल परस्पर वरच्या कार्यालयात जायचं (नाव लिहीत नाही). मुलांना शाळेचे युनिट कळावेत म्हणून फक्त झेरॉक्स मागितली. उत्तर आलं, "कार्यालयीन कागद आहे, मुलांना कशाला?" लेखी अर्ज दिला, तर साहेब बदलले; नवे साहेब म्हणाले, पुन्हा द्या. फलक रंगवायला पैसे मात्र ताबडतोब मंजूर! शैक्षणिक वर्ष त्यातच संपलं. हाकेच्या अंतरावर दीपनगरचं वीज केंद्र, आणि आमच्या पोरांना स्वतःच्या वर्गाला किती वीज लागते हे माहीत नाही. याचा राग अजून गेलेला नाही. आकड्याशिवाय ऊर्जाशिक्षण म्हणजे नुसतं पाठांतर, हे माझं ठाम मत.

तेव्हा बिलाची वाट पाहू नका, मीटरच वाचायला शिकवा. मीटरवर लाल दिवा लुकलुकतो आणि शेजारी एका युनिटला किती वेळा ते छापलेलं असतं, समजा ३२००. घरातलं बाकी सगळं बंद करून एकच पंखा लावा. जुना ७५ वॉटचा पंखा असेल तर पाच मिनिटांत दिवा २० वेळा लुकलुकतो, ३० वॉटच्या बीएलडीसी (कमी वीज खाणाऱ्या नव्या मोटरच्या) पंख्याला ८ वेळा. रोज बारा तास धरले तर एका पंख्यामागे महिन्याला १६ युनिट वाचतात. १०० युनिटच्या वर दराचा टप्पा बदलतो, त्यामुळे काठावरच्या घराला हे जास्त जाणवतं. पोरगं हे मोजून आईबापांना सांगतं तेव्हा पुढचा पंखा घेताना घरात चर्चा होते. (मी वीज कंपनीतला नाही. मीटर लांबूनच बघायचा, त्याला हात लावू देऊ नका.)

आणि पालकसभेला गल्लीतल्या वायरमनलाही बोलवा. शहरात पंखा, मोटर कोणती घ्यायची हे बऱ्याच घरांत तोच ठरवतो, अन् त्याला स्टार लेबल (उपकरण किती वीज वाचवतं ते ताऱ्यांनी सांगणारं लेबल) समजावून सांगायला सहसा कुणी जात नाही.

जाता जाता कूलरचं. मे महिन्याच्या कोरड्या उन्हात आपल्याकडे एसीपेक्षा कितीतरी कमी विजेत कूलर काम भागवतो, पण समोरची खिडकी उघडी हवी. दारं-खिडक्या बंद करून कूलर लावणारी घरं मी खूप पाहिली. खोली दमट होते, उकडतं, आणि मग लोक एसी घ्यायला निघतात.