तासगावात राहतो. वडील विडी ओढतात, मेडिकलमधून अँटिऑक्सिडंटच्या गोळ्या आणल्यात. ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेस कमी होईल का?

विडी चालू असताना बीटा-कॅरोटीन (गाजरातला नारिंगी घटक, एक अँटिऑक्सिडंट) असलेली गोळी कृपया देऊ नका. पाकिटामागे घटक वाचा. फिनलंडमध्ये धूम्रपान करणाऱ्या पुरुषांना ते रोज २० मिलिग्रॅम दिलं होतं. १९९४ साली निकाल आला तेव्हा घेणाऱ्यांत फुप्फुसाचा कर्करोग १८ टक्के जास्त निघाला. पोटभर फळं खाणं वेगळं आणि एकच घटक एवढ्या मात्रेत घेणं वेगळं. शिवाय फ्री रॅडिकल्स (पेशींना इजा करू शकणारे अस्थिर रेणू, ते फार वाढले की ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेस होतो) सगळे वैरी नसतात, पांढऱ्या पेशी त्यांनीच जंतू मारतात. जास्तीचे आवरायला शरीराकडे ग्लुटाथायोनसारखी स्वतःची व्यवस्था असते.

तासगावात द्राक्षं दारात आहेत, पेरू-आवळाही मिळतो. तेच खाऊ द्या (साखरेचा त्रास असेल तर द्राक्षं बेतानं). धूर थांबल्याशिवाय हा ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेस कमी व्हायचा नाही. विडी सोडायला मदत हवी असेल तर १८००-११२-३५६ हा सरकारी टोल-फ्री नंबर आहे.