कोह ताओला निघण्याआधी

पाडी (PADI) या स्कूबा डायव्हिंग प्रशिक्षण संस्थेच्या इन्स्ट्रक्टर परीक्षेला बसायला १०० डाइव्ह लागतात, पण तेवढ्यावर पोट भरेल असं समजू नकोस. थायलंडच्या कोह ताओ बेटावर नवे इन्स्ट्रक्टर सतत तयार होतात आणि बरेचसे तिथंच काम शोधत बसतात. पगार नाहीच म्हण, विद्यार्थ्यामागे कमिशन. नोव्हेंबर-डिसेंबरच्या पावसात विद्यार्थी कमी, खोलीचं भाडं मात्र चालूच. वर्क परमिट कोण काढणार ते लेखी घे. ‘आधी ये, मग बघू’ म्हणणाऱ्याकडे फिरकूसुद्धा नकोस.

मालदीवच्या रिसॉर्टवर राहणं-जेवण सहसा मिळतं, म्हणून पैसे उरतात. पण तिथं भाषा विचारतात; हिंदी-इंग्रजीच्या जोडीला रशियन किंवा चिनी शीक. आणि हो, टाकीत हवा भरणारा कॉम्प्रेसर आणि पाण्याखाली श्वास घेण्याचा रेग्युलेटर दुरुस्त करता येत असतील तर अर्जात ते सगळ्यात वर लिही.