पेट्रोल वाचवणारं यंत्र बसवण्याआधी टाकी फुल करा

तुम्ही विचारलंय ते थोडक्यात असं: २०१७ ची १.२ लिटरची पेट्रोल गाडी, रोज कोथरूड ते हिंजवडी. नवी होती तेव्हा शहरात १४ चं ॲव्हरेज द्यायची, आता ११ वर आली. शेजारच्या काकांनी स्टिअरिंगखालच्या ओबीडी पोर्टमध्ये (गॅरेजवाले गाडीचा संगणक तपासायला वापरतात ते सॉकेट) खोचायचं यंत्र घेतलंय आणि त्यांचं ॲव्हरेज दोनने वाढलंय. दुसरा पर्याय पेट्रोलच्या पाइपवरचं चुंबक. यातलं कोणतं घ्यावं, आणि घरी बसवता येईल का?

घरी आरामात बसेल. पोर्टचं यंत्र दहा सेकंदांत, चुंबक दोन प्लास्टिकच्या पट्ट्यांनी. फक्त ॲव्हरेज दोन्हींनी वाढणार नाही.

मी हे वरून बघत बोलत नाहीये, स्वतः चुंबक लावून बसलेला माणूस आहे. कार्ब्युरेटरची गाडी होती तेव्हाची गोष्ट. नाना पेठेत कसला तरी पार्ट आणायला गेलो आणि दुकानदाराने चुंबक गळ्यात मारलं. पेट्रोलचे रेणू सुटे होतात म्हणे, मग ते पूर्ण जळतं. लावलं, आणि खरंच साडेतेराचं पंधरा झालं! पुढचे चार महिने ऑफिसात मी त्या चुंबकाचा बिनपगारी एजंट होतो. मग एकदा कार्ब्युरेटर साफ करायला गाडी टाकली, तर मिस्त्री हसत म्हणाला, "साहेब, हे तर मी मागच्याच खेपेला काढून डिकीत ठेवलं होतं." म्हणजे दोन महिने चुंबकाशिवायच पंधरा मिळत होते. वाढ झाली ती माझ्या उजव्या पायाने केली होती. पैसे घातलेत म्हटल्यावर मी अंड्यावरून चालल्यासारखी गाडी चालवत होतो. ते चुंबक अजून आहे, सांडलेले स्क्रू गोळा करायला उत्तम.

तुमच्या काकांचंही बहुतेक तेच. त्या पोर्टवाल्या यंत्राच्या खोक्यावर लिहिलेलं असतं की दोनशे किलोमीटर चालवा, तोवर ते तुमची सवय शिकतं. शिकतो चालवणारा. आमच्या मित्राचं असंच एक यंत्र आम्ही उघडलं. आत तीन दिवे आणि ते लुकलुकवणारी एक बारकी चिप. गाडीच्या संगणकाशी, म्हणजे ईसीयूशी, बोलायचं तर सहसा त्या पोर्टमधल्या ६ आणि १४ नंबरच्या पिनांवरून बोलावं लागतं. तिथे ते बोलेल असा एकही भाग आत नव्हता. फक्त वीज घ्यायची आणि चमकायचं.

चुंबकाचं कारण आणखी सरळ आहे. पेट्रोलवर चुंबकाचा म्हणण्यासारखा परिणाम होतच नाही. आणि 'न जळलेलं पेट्रोल वाया जातं' हे ऐकायला बरं वाटतं, पण फ्युएल इंजेक्शनच्या तंदुरुस्त इंजिनात जवळपास सगळं पेट्रोल जळतंच. सायलेन्सरकडे जाणाऱ्या वायूतला ऑक्सिजन सेन्सर मोजत असतो आणि ईसीयू त्याप्रमाणे पेट्रोल क्षणाक्षणाला कमी-जास्त करतो. जे एक-दोन टक्के उरतं ते धूर स्वच्छ करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जातं. वाचवायला तिथे शिल्लकच नाही. अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेने, ईपीएने, अशी शंभरावर यंत्रं तपासली आहेत. ॲव्हरेज लक्षणीय वाढवणारं एकही सापडलं नाही. तुम्ही तर एआरएआयच्या, म्हणजे गाड्यांचं ॲव्हरेज तपासून प्रमाणपत्र देणाऱ्या संस्थेच्या, टेकडीखाली राहता. त्या प्रमाणपत्रावरच्या आकड्यात अर्धा किलोमीटर वाढवायला कंपन्या जिवाचं रान करतात. पाचशे रुपयांच्या चुंबकाने वीस टक्के वाढत असते तर ते कारखान्यातूनच लागून आलं असतं.

आता तुमच्या ११ कडे येऊ, खरी गंमत तिथे आहे. प्रश्नात तुम्ही जाता जाता लिहिलंय की पूर्वी सकाळी ७ ला निघायचात, आता शिफ्ट बदलल्यामुळे ९ ला निघता. बरंचसं उत्तर त्या एका ओळीत आहे.

आधी पेट्रोल. २०१७ मध्ये त्यात इथेनॉल नावापुरतं होतं, आता ई-२० आहे, म्हणजे वीस टक्के इथेनॉल. इथेनॉलमध्ये पेट्रोलपेक्षा सुमारे एक तृतीयांश ऊर्जा कमी. नीती आयोगाच्या २०२१ च्या अहवालातही तुमच्यासारख्या जुन्या चारचाकींना ६ ते ७ टक्के घट धरली आहे. म्हणजे १४ चे १३.१ झाले, यात गाडीचा दोष नाही. उरलेलं वाकड-हिंजवडीच्या रांगेत गेलं. एका बाजूचं अंतर २० किलोमीटर धरा. १३.१ ने १.५३ लिटर लागतं, ११ ने १.८२. फरक जेमतेम ३०० मिली. एसी लावून उभी असलेली गाडी तासाला पाऊण लिटरच्या आसपास पिते, म्हणजे हे २३-२४ मिनिटांचं उभं राहणं झालं. ९ वाजता निघून एवढंच उभं राहावं लागत असेल तर नशीबवान आहात.

तरी एकदा नीट मोजा. डॅशबोर्डवरचा आकडा नको, टाकी फुल ते टाकी फुल. पंप तोच, जमलं तर नोझलही तेच, आणि नोझल आपोआप बंद होतं त्या पहिल्या 'कट'ला थांबायचं. "साहेब, राउंड फिगर करू का?" याला ठाम नाही. कट थोडा अलीकडे-पलीकडे झाला तर लिटरभर फरक सहज पडतो. दहा लिटर भरून हिशोब केलात तर तीच दहा टक्क्यांची चूक, आणि यंत्रवाल्यांचं दुकान याच चुकीवर चालतं. सलग तीन टाक्यांची सरासरी घ्या.

मोजूनही ११ च्या खाली आलं तर गाडीत काहीतरी आहे. हवा थंड टायरमध्ये तपासा, आकडा ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर असतो. गाडी चालवून आल्यावर चारही चाकांजवळ हात नेऊन बघा. एकच चाक जास्त तापलं असेल तर ब्रेक धरून राहतोय. थर्मोस्टॅट, म्हणजे इंजिन थंड करणाऱ्या पाण्याची (कूलंटची) वाट उघड-बंद करणारी झडप, उघडा अडकला तर इंजिन तापतच नाही आणि ईसीयू जास्त पेट्रोल देत राहतो. हे बघायला तोच ओबीडी पोर्ट कामाला येतो. तिथे पाचशे-सातशेचा ब्लूटूथ रीडर लावा आणि मोबाइलवर कूलंटचं तापमान वाचा. पंधरा-वीस मिनिटं चालवूनही ते ८० च्या वर जात नसेल तर थर्मोस्टॅट बदला. एअर फिल्टर मळला म्हणून ॲव्हरेज पडलं असं गॅरेजवाले सांगतील; इंजेक्शनच्या पेट्रोल गाडीत त्याने पिकअप मरतो, ॲव्हरेजला फारसा धक्का लागत नाही. बदला जरूर, पण ११ चे १४ होतील म्हणून नको.

अजून एक. चांदणी चौकातून बावधनकडे उतरताना किंवा कात्रजच्या घाटात गाडी न्यूट्रल करत असाल तर ते आजच थांबवा. गिअरमध्ये ॲक्सिलरेटर सोडला की ईसीयू पेट्रोल बंदच करतो, इंजिन चाकांच्या जोरावर फिरतं. न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन चालू ठेवायला त्याला पेट्रोल द्यावंच लागतं, आणि उतारावर इंजिनचा ब्रेकही हातचा जातो. कार्ब्युरेटरच्या जमान्यातली ही सवय माझ्या वडिलांची होती, माझी सुटायला दहा वर्षं गेली.

पाण्यापासून हायड्रोजन काढून इंजिनात सोडणारं किट कुणी सुचवलं तर मात्र हातही लावू नका. त्याला लागणारी वीज अल्टरनेटरकडून, म्हणजे गाडीतल्या जनरेटरकडून, येते, अल्टरनेटरला इंजिन फिरवतं आणि इंजिन पेट्रोलवर चालतं. दर टप्प्यावर गळती. वर बॉनेटखाली ज्वलनशील वायूची नळी, आणि वायरिंग कापलेलं. उद्या गाडीने पेट घेतला तर विमा कंपनी पहिला प्रश्न त्याच वायरिंगचा विचारेल.

तीन टाक्यांचे आकडे आणि कूलंटचं तापमान कळवा, मग पुढचं बोलू. काकांना मात्र इतक्यात काही सांगू नका. सध्या ते गाडी छान चालवतायत.