घराशेजारी मोठं वर्कशॉप बांधतोय. थंडीत ते गरम ठेवायला कोणता हीटर घ्यावा?

हीटर सगळ्यात शेवटी निवडा. आधी इन्सुलेशन, म्हणजे भिंती-छतातून उष्णता बाहेर जाऊ न देणारा थर. गरम हवा वर चढते, त्यामुळे छतात कंजुषी नको. जमिनीत गरम पाण्याचे पाइप हवे असतील तर काँक्रीट ओतण्याआधीच ठरवा आणि खाली फोमची शीट टाकाच, नाहीतर मातीच तापवत बसाल. (उभ्याने काम करताना पाय गरम असणं हे वेगळंच सुख आहे.)

लाकूडकाम असेल तर उघड्या ज्योतीचा हीटर अजिबात नको; हवेत तरंगणारा बारीक भुसा पेट घेऊ शकतो. शिवाय चिमणी नसलेल्या हीटरमध्ये गॅस जळताना वाफ तयार होते, ती यंत्रांच्या थंड, ओतीव लोखंडाच्या टेबलावर दवासारखी बसते आणि मग तांबूस गंज.

प्लगपॉइंट टेबलाच्या उंचीपेक्षा वर घ्या. भिंतीला प्लायवूड टेकवलं की खालचे झाकले जातात.