स्टार बेंचवर बसतो ती १४ मिनिटं

अगं,

तुझा मेसेज काल रात्री वाचला आणि सोबतची बॅकअप पॉइंट गार्डची (बॉल वर आणून प्ले लावणारा मेन गार्ड बसला की त्याच्या जागी येणाऱ्याची) यादीही नीट बघितली. मेहनत घेतलीयस ते दिसतंय. पण नावं ज्या क्रमाने लावलीयस ना, तिथेच माझा आक्षेप आहे. पॉइंट्स, असिस्ट (ज्यावर बास्केट होते ते पास), थ्री-पॉइंटची टक्केवारी असं बघत तू सगळ्यांना रांगेत उभं केलंस, म्हणजे मार्केटमध्ये उरलेल्यांत सगळ्यात भारी प्लेअर कोण हे शोधलंस. कोचला तो प्रश्न पडलेलाच नाहीये. कोचला एवढंच हवंय की मेन पॉइंट गार्ड बसला की टीम कोलमडू नये, आणि त्याचं उत्तर बऱ्याचदा वेगळंच नाव निघतं.

एनबीएची मॅच ४८ मिनिटांची. मेन गार्ड ३४ मिनिटं खेळला तर उरतात १४. ती साधारण पहिल्या-दुसऱ्या क्वार्टरच्या सांध्यावर आणि मग तिसऱ्या-चौथ्याच्या. या १४ मिनिटांत बॅकअपने २० पॉइंट मारावेत असं कुणी म्हणत नाही, त्याने बॉल वर आणावा, सगळ्यांना जागेवर लावावं आणि शॉट क्लॉकवर (शॉट घ्यायला मिळणाऱ्या २४ सेकंदांच्या घड्याळावर) वेळ शिल्लक असताना प्ले सुरू करावा, बस. ऐकायला सोपं वाटतं पण लीगमध्ये हे रोज रात्री नीट करणारे फार कमी आहेत, खरंच कमी आहेत.

आता एक काम कर. तुझ्या यादीतल्या पहिल्या पाच जणांचे व्हिडिओ काढ, हायलाइट्स नाही हं, दुसऱ्या क्वार्टरची पहिली तीन-चार मिनिटं. अशी पझेशन (बॉल आपल्याकडे असतो ती एक-एक चाल) शोध की समोरचा गार्ड फुल कोर्ट चिकटलाय. ८ सेकंदांत हाफ कोर्ट पार करायलाच लागतो, ते सगळेच करतात, तू बघ की पार केला तेव्हा शॉट क्लॉकवर किती सेकंद होते. १९-२० असतील तर उत्तम. १७ असतील आणि हा अजून डिफेंडरकडे पाठ करून ड्रिबलच करतोय, तर बिग मॅन (उंच प्लेअर) स्क्रीन लावायला, म्हणजे त्या डिफेंडरचा रस्ता अडवायला, येईपर्यंत १३ होतात, पहिली ॲक्शन फसली की दुसरीला वेळच उरत नाही आणि शेवटी कोपऱ्यातला कुणीतरी विंग (बाजूने खेळणारा) तोंडावर हात असताना शॉट फेकतो. बॉक्स स्कोअरमध्ये (मॅचच्या आकड्यांच्या तक्त्यात) तो मिस त्या बिचाऱ्या विंगच्या नावावर जातो. गार्डच्या नावापुढे काहीच येत नाही, बॉल गमावल्याचा साधा टर्नओव्हरसुद्धा नाही. म्हणून म्हणतो, या जागेसाठी बॉक्स स्कोअर शेवटी उघड.

मेम्फिस ग्रिझलीजचं उदाहरण मी सगळ्यांना सांगतो कारण इतकं स्वच्छ उदाहरण क्वचित मिळतं. २०२१-२२ मध्ये त्यांचा मेन गार्ड जा मोरँट २५ मॅच खेळला नाही आणि त्या २५ पैकी ग्रिझलीज २० जिंकले. बॅकअप होता टायस जोन्स, ज्याचं असिस्ट-टर्नओव्हरचं गणित त्या सीझनला एका टर्नओव्हरमागे सात असिस्ट असं होतं. पुढे जून २०२३ मध्ये मोरँटला २५ मॅचचं सस्पेन्शन लागलं आणि त्यानंतर थोड्याच दिवसांत मार्कस स्मार्टच्या ट्रेडमध्ये जोन्स वॉशिंग्टनला गेला. नवीन सीझनच्या त्या २५ मॅचमध्ये रिझल्ट काय, ६ जिंकल्या आणि १९ हरल्या. आता हे सगळं एकट्या जोन्समुळे झालं असं रिपोर्टमध्ये लिहू नकोस, स्टीव्हन ॲडम्स तो पूर्ण सीझन बाहेर होता, स्मार्टलाही मधेच दुखापत झाली, बाकीही भानगडी होत्या. पण स्टार कधी नसणार हे आधीपासून माहीत असताना बॉल सांभाळणारा माणूस हातचा सोडला की किती महाग पडतं, ते यातून दिसतंच.

मग जोन्ससारखाच शोधायचा का? नाही ना! इथेच खरी मेख आहे. नाव बघण्याआधी हे विचार की त्या १४ मिनिटांत कोर्टवर बाकीचे चार कोण आहेत. २०१४ च्या स्पर्सचं बघ. पॅटी मिल्स टोनी पार्करचा बॅकअप, पण बेंचवरून मानू जिनोबिली यायचा, बोरिस डिआवसारखा पास देणारा बिग होता, म्हणजे डोकं लावणारे दोघे आधीच हजर. मिल्सने पळायचं, समोरच्या गार्डला गळपट्टीला धरल्यासारखं सतावायचं आणि मोकळा झाला की थ्री मारायचा. फायनलच्या शेवटच्या मॅचमध्ये त्याने १७ मारले. त्या टीमला टर्नओव्हर न करणारा शांत गार्ड दिला असता तर काय फरक पडला असता? माझ्या मते नुकसानच झालं असतं. तेव्हा आधी कोचकडून रोटेशन घे, दुसरा स्टार मेन गार्ड बसल्यावर कोर्टवर राहणार आहे की दोघं एकदमच बसणार आहेत ते विचार. राहणार असेल तर शूटर आणि डिफेंडर बघ, बसणार असतील तर बॉल चालवणारा बघ. तुझ्या यादीत दोन्ही प्रकारचे लोक एकाच रांगेत आहेत, मला खटकलं ते हेच.

उंचीचं तू लिहिलंयस की सहा फुटांखालचे सगळे बाद. एवढी घाई करू नकोस. प्लेऑफमध्ये छोट्या गार्डला शोधून शोधून टार्गेट करतात हे खरंय, तो ज्याला गार्ड करतोय त्यालाच स्क्रीन लावायला बोलावतात आणि स्विच (डिफेंडरांची अदलाबदल) झालं की त्यांचा मोठा स्कोअरर आपल्या छोट्यावर, हे पंधरा वेळा सलग करतील, लाजणार नाहीत. पण २०११ ची फायनल आठव. डॅलस मॅव्हरिक्स १-२ ने मागे असताना कोच रिक कार्लाइलने चौथ्या मॅचला जे. जे. बरेआला थेट स्टार्टिंग फाइव्हमध्ये घेतलं आणि तिथून पुढच्या तिन्ही मॅच डॅलसने जिंकल्या. हा लहानसा माणूस पिक अँड रोलमध्ये (बिग मॅनच्या स्क्रीनचा फायदा घेत) सारखा पेंटमध्ये, म्हणजे बास्केटजवळ, घुसत होता आणि बाजूला जेसन किड होता, डर्क नोविट्झकी होता, मागे टायसन चँडलर रिम सांभाळत होता. म्हणजे छोटा गार्ड चालतो, पण त्याच्या मागे कोण उभं आहे ते बघून. आपल्या सेकंड युनिटमध्ये (बेंचवरून येणाऱ्यांत) बास्केटपाशी शॉट अडवणारा रिम प्रोटेक्टर आहे का? नसेल तर तुझा नियम बरोबर आहे, पण कारण उंची नाही, हे आहे.

आकड्यांबद्दल थोडंच सांगतो. बॅकअपचा प्लस-मायनस (तो कोर्टवर असताना टीम किती पॉइंटनी पुढे-मागे गेली तो आकडा) एकटा कधी वाचू नकोस, तो कुणाबरोबर आणि कुणासमोर खेळला त्याने सगळं बदलतं. थ्री-पॉइंटचंही तसंच, सीझनला १२० शॉट घेणाऱ्याने ४० टाकले तर ३३ टक्के आणि ४६ टाकले तर ३८, म्हणजे एकाला तू नापास केलंस आणि दुसऱ्याला पहिल्या पानावर टाकलंस, आणि फरक आहे अख्ख्या सीझनमध्ये सहा बास्केटचा! तीन-चार सीझनचे शॉट एकत्र धर, फ्री थ्रो बघ, आणि डिफेंडर त्याच्यावर धावत येतो की स्क्रीनखालून आरामात जातो ते बघ. समोरच्या टीमला तो शूटर वाटतो की नाही हे त्यातनं लगेच कळतं.

आणि बॅकअपचं दुसरं काम विसरू नकोस, मेन गार्ड जखमी झाला तर त्याची जागा घेणं. २०१५ च्या फायनलमध्ये पहिल्याच मॅचला कायरी अर्विंगची गुडघ्याची वाटी मोडली, मॅथ्यू डेलावेडोवा आला, कॅव्हलिअर्सनी पुढच्या दोन्ही मॅच काढल्या, तिसऱ्या मॅचला पठ्ठ्याने २० मारले आणि क्रॅम्प इतके आले की मॅचनंतर हॉस्पिटलला न्यावं लागलं. त्यानंतरच्या तिन्ही मॅच हरले. त्याच्या जिद्दीला नाव ठेवायला जागाच नाही, पण १५-२० मिनिटांच्या माणसाला एकदम ४० मिनिटं दिली की शरीर उत्तर देतं. म्हणून यादीत एक रकाना वाढव, या माणसाने सलग आठवडाभर ३० मिनिटांच्या वर कधी खेळलंय का, आणि तेव्हा शेवटच्या क्वार्टरला त्याचे पाय कसे होते.

माझा आवडता विचारशील तर इंडियाना पेसर्सचा टी. जे. मॅककॉनेल. २०१५ ला ड्राफ्टमध्ये कुणी घेतलं नाही, आणि २०२५ च्या फायनलच्या तिसऱ्या मॅचला बेंचवरून १० पॉइंट, ५ असिस्ट, ५ स्टील (समोरच्याकडून हिसकावलेले बॉल). त्यातले काही स्टील कसे होते माहितीये? बास्केट झाल्यावर सगळे परत डिफेन्सला पळतात, हा मागेच घुटमळतो आणि समोरच्याने आळसात आत टाकलेला इनबाउंड पास (कोर्टबाहेरून बॉल आत टाकतात तो) उचलतो. याला उडी लागत नाही की उंची लागत नाही, दर बास्केटनंतर ती एक सेकंदाची जागरूकता लागते. सातव्या मॅचला पहिल्याच क्वार्टरमध्ये मेन गार्ड हॅलिबर्टनचं अकिलिस (टाचेमागची शीर) गेलं तेव्हा परत हाच उभा राहिला, १६ मारले. मॅच गेली ती गेली, पण तिसऱ्या क्वार्टरमध्ये टीम मॅचमध्ये राहिली ती याच्या जिवावर. असा माणूस तुला सॉर्ट केलेल्या एक्सेलमध्ये वर दिसणार नाही, तो व्हिडिओतच दिसतो.

कॉन्ट्रॅक्टचं काम ऑफिस बघेल, फक्त एक लक्षात ठेव, टू-वेवरच्या (एनबीए आणि तिच्या खालच्या लीगमध्ये ये-जा करायच्या कॉन्ट्रॅक्टवरच्या) पोराला ही जागा द्यायचा विचार असेल तर त्याला ५० मॅचची मर्यादा आहे आणि प्लेऑफ खेळता येत नाही, म्हणजे आधी १५ जणांच्या रोस्टरमध्ये एक जागा मोकळी ठेवावी लागेल. हे आत्ताच बोलून ठेव, मार्च-एप्रिलला पळापळ नको.

आणि जमलं तर त्यांच्या जुन्या टीममेट्सशी बोल, खास करून बिग मॅनशी. चार मॅच बसून राहिल्यावर पाचव्या मॅचला अचानक बोलावलं तर हा कसा येतो, टाइमआउटमध्ये बोलतो का, प्ले विसरलेल्याला ढकलून जागेवर उभं करतो का, हे त्यांनाच माहीत असतं.

तर यादी मोडून परत कर. आधी रोटेशन, मग दोन वेगळ्या रांगा, आणि प्रत्येक नावापुढे हाफ कोर्ट पार करताना शॉट क्लॉकवर किती होते त्याच्या निदान तीस पझेशनच्या नोंदी. तिसऱ्या नंबरवर टाकलेला तो डावखुरा मला बघायचाय, त्याच्या क्लिप्स सगळ्यात आधी पाठव, रविवारी फोन करतो.