डोंबिवली ते दादर, आणि पोटाची धास्ती

प्रश्न: ताई नमस्कार, माझं वय 36, राहते डोंबिवलीला, ऑफिस दादरला. पोटाचा त्रास 4 वर्षं झाली. सकाळी तीन-चारदा जाऊन आलं तरी पोट साफ झाल्यासारखं वाटत नाही, आणि लोकलची वेळ झाली की पोटात पीळ पडायला सुरुवात, लोकलमध्ये तर सोयच नाही, दोनदा मधेच ठाण्याला उतरावं लागलंय. मग मधेच आठवडाभर उलटं, नुसतं बद्धकोष्ठ. सोनोग्राफी झाली, एंडोस्कोपी झाली, सगळं नॉर्मल, डॉक्टर म्हणाले टेन्शन घेऊ नका. 2 वर्षं रोज सकाळी अ‍ॅसिडिटीची गोळी चालू आहे. नात्यातल्या एकांनी दिलेलं चूर्ण घेऊन झालं, काढे झाले, मग कोणी म्हणालं पोळी बंद कर, कोणी म्हणालं दूध बंद कर, आता दुपारी नुसता दहीभात खाते. सध्या 21 दिवसांच्या होलिस्टिक डिटॉक्सची जाहिरात बघतेय, 28 हजार रुपये सांगतायत. करू का?

उत्तर: ताई, नका करू. पैसे भरले नसतील तर भरूच नका. शरीरातलं नको ते बाहेर टाकायचं काम लिव्हर आणि किडन्या रोज करतच असतात, आणि अशा पॅकेजमध्ये बहुतेक वेळा जे फळांचे ज्यूस देतात त्यातल्या साखरेने तुमच्यासारखं पोट उलट जास्त फुगतं.

तुमच्या पत्रावरून मला आयबीएसचा संशय येतोय, म्हणजे इरिटेबल बॉवेल, आतडं दिसायला ठीक पण हळवं झालेलं. मी आहारतज्ज्ञ आहे, निदान डॉक्टरच करतील, पण अशा पोटविकारांच्या निदानासाठी तज्ज्ञांनी ठरवलेल्या 2016 च्या रोम निकषांत साधारण असं म्हटलंय की 3 महिने आठवड्यातून निदान एक दिवस पोट दुखतंय, आणि ते दुखणं शौचाशी किंवा त्याच्या वेळा आणि स्वरूप बदलण्याशी जोडलेलं आहे. रिपोर्ट नॉर्मल येतात कारण एंडोस्कोपीत आतलं अस्तर दिसतं, आतड्याची हालचाल आणि त्याचा हळवेपणा दिसत नाही. आतड्याला स्वतःच्या नसांचं जाळं आहे आणि त्याचं मेंदूशी सतत बोलणं चालू असतं, म्हणूनच गाडीची वेळ झाली की पीळ येतो. तुमचा त्रास खराच आहे हो, मनाचे खेळ नाहीत, हे तुम्हाला 4 वर्षांत कोणीतरी नीट सांगायला हवं होतं.

आता एक महत्त्वाचं. पोळी बंद करायच्या आधी सीलिअ‍ॅकची रक्ततपासणी झाली होती का? म्हणजे गव्हातल्या ग्लूटेनने आतड्याला इजा होते त्या आजाराची. गहू बंद असताना ती केली तर आजार असूनही निगेटिव्ह येऊ शकते. त्यामुळे डॉक्टरांना विचारा, ते म्हणाले तर काही आठवडे पोळी परत चालू करून मग टेस्ट करा, सोबत हिमोग्लोबिन, थायरॉइड, बी12 पण. अ‍ॅसिडिटीची गोळी पोटातल्या आम्लावर काम करते, आतड्यातल्या पिळावर नाही, आणि वर्षानुवर्षं घेतली की बी12 कमी होऊ शकतं. पण एकदम बंद करू नका हं, अ‍ॅसिडिटी उसळून वर येते, ती डॉक्टरांनाच हळूहळू कमी करू द्या.

तुमचा तो दहीभात वाचून मला फार वाईट वाटलं. 4 वर्षांत एकेक पदार्थ जात गेला आणि परत एकही आला नाही. ऑस्ट्रेलियातल्या मोनाश विद्यापीठाने यासाठी लो फॉडमॅप आहार तयार केलाय, त्यात आतड्यात आंबून गॅस करणारे पदार्थ 4 ते 6 आठवडेच बंद ठेवतात आणि मग एकेक परत आणून बघतात, आणि हे परत आणणं हाच त्यातला मुख्य भाग आहे जो सगळे विसरतात. आपल्याकडे यात पहिला नंबर कांदा-लसणाचा, मग गहू, राजमा, छोले, आणि दूध. ज्वारीची भाकरी, भात, भेंडी, गाजर, काकडी, अंडं, मासे बहुतेकांना सोसतात. लसणाशिवाय जेवण घशाखाली उतरत नसेल तर अख्ख्या पाकळ्या तेलात परता आणि पाणी किंवा भाजी घालायच्या आधी काढून टाका, त्रास देणारा भाग पाण्यात उतरतो, तेलात नाही, वास मात्र तेलात राहतो. कांदा-लसूण मसाल्याच्या जागी गोडा मसाला वापरा. पण हे सगळं टेस्ट झाल्यावर, आणि एखाद्या आहारतज्ज्ञासोबत, एकटीने नको.

होलिस्टिकचा अर्थ मी असा घेते की तुमचा अख्खा दिवस बघायचा. चरकसंहितेच्या चिकित्सास्थानात ग्रहणीवर, म्हणजे पचन बिघडण्याच्या आजारावर, पूर्ण अध्याय आहे, त्यात अग्नी म्हणजे पचनशक्ती आहे, ताकाचं कौतुक आहे, म्हणजे जेवणाकडे आणि पचनाकडे एकत्र बघणं आपल्याकडे जुनंच आहे. वैद्यांकडे जरूर जा, पण पदवी असलेल्या, आणि चालू गोळ्या त्यांना दाखवा. नात्यातल्या चूर्णात बहुतेक सोनामुखी, म्हणजे जुलाब करणारी पानं, असणार, पॅकेटवर बघा, जुलाबाचे दिवस चालू असताना ते घेतलं तर तुम्ही स्वतःच आगीत तेल ओतताय. बद्धकोष्ठाच्या आठवड्यात इसबगोल बरं, अर्ध्या चमच्यापासून, ग्लासभर पाण्याबरोबर.

आणि सकाळ. तुम्ही उठल्यापासून पळताय असं पत्रावरून दिसतंय. अर्धा तास आधी उठा, कोमट पाणी आणि थोडं खाणं, खाल्ल्यावर आतडं आपोआप हलतं, त्याला घरातच वेळ द्या. कमोड असेल तर पायाखाली छोटा स्टूल घ्या. प्लॅटफॉर्मवर उभं असताना पोट फुगवून 4 पर्यंत श्वास आत, 6 पर्यंत बाहेर, 5 मिनिटं. कोणत्या स्टेशनवर स्वच्छतागृह कुठे आहे ते एकदा बघून ठेवा, सोय कुठे आहे हे माहीत असलं की निम्मी धास्ती जाते आणि धास्तीबरोबर पीळही. रोज 20 मिनिटं चाला. एका वेळी एकच बदल करा आणि वहीत लिहा, नाहीतर कशाने बरं वाटलं ते कधीच कळणार नाही. 3 महिन्यांनी परत लिहा मला.

प्रश्न: वडील 64 वर्षांचे, लातूर. 3 महिन्यांपासून शौचाला नीट होत नाही, आधी कधीच असं नव्हतं. वजन पण कमी झालंय. रोज रात्री चूर्ण घेतात, अजून कोणता घरगुती उपाय?

उत्तर: दादा, घरगुती उपाय आत्ता काहीच नको. या वयात सवय अचानक बदलली आणि वजन उतरतंय म्हणजे आधी तपासणी, चूर्ण थांबवून याच आठवड्यात पोटविकारतज्ज्ञांना दाखवा आणि कोलोनोस्कोपी, म्हणजे मोठ्या आतड्याची दुर्बिणीने तपासणी, हवी का ते स्पष्ट विचारा. शौचातून रक्त, काळसर शौच, रात्री झोपमोड करणारं दुखणं, घरात कोणाला आतड्याचा कॅन्सर, यातलं काही असेल तर न विचारता आधीच सांगा. वडील संकोचाने सांगणार नाहीत, म्हणून तुम्ही सोबत जा.