शाहू महाराज रंगमंचावर उभे करताना

कोल्हापूर

चि. रंगकर्मी मित्रास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

राजर्षी शाहू महाराजांची भूमिका तुझ्याकडे आली हे कळल्यावर मला आनंद झाला आणि काळजीही वाटली. अन्य गावी प्रेक्षक इतिहासातला एक राजा पाहायला येतील. कोल्हापुरात ते आपल्या घरचे माणूस पाहायला येतात. येथे महाराजांच्या आठवणी पणजोबांपासून घराघरांत चालत आल्या आहेत, दसरा चौकातला पुतळा रोजच्या वाटेवर आहे, त्यामुळे पडदा उघडण्यापूर्वीच प्रेक्षकाने मनातल्या मनात हात जोडलेले असतात. त्या भक्तीवर विसंबलास तर टाळ्या मिळतील, पण भूमिका हाती लागणार नाही.

मला मुख्यतः एवढेच सांगायचे आहे की, आज आपल्याला ठाऊक असलेले पुढचे काहीही महाराजांना ठाऊक नव्हते, याचे भान रंगमंचावर सुटू देऊ नकोस. वेदोक्ताचा प्रवेश घे. १८९९ च्या कार्तिकात पंचगंगेवर स्नानाच्या वेळी पुरोहित क्षत्रियांसाठीचे वेदोक्त नव्हे तर शूद्रांसाठी मानलेले पुराणोक्त मंत्र म्हणत आहेत, ही गोष्ट समोर आली तेव्हा महाराज अवघे २५ वर्षांचे होते. हा प्रवेश आला की नट आवाज चढवतात, उपरणे झटकतात आणि घाटावरच सारा निकाल लावून मोकळे होतात. प्रत्यक्षात राजोपाध्यांचे, म्हणजे राजघराण्याच्या पुरोहितांचे, वतन जप्त झाले ते १९०२ मध्ये. मधला काळ विचारविनिमयात, चौकशीत आणि पत्रव्यवहारात गेला, आणि या सगळ्यावर इंग्रज सरकारची नजर होती. एवढा अपमान मनात धरून रोजचा कारभार पाहणारा, कोणाला कधी काय बोलायचे याचा हिशेब ठेवणारा तरुण राजा तुला उभा करायचा आहे. म्हणून घाटावर आवाज खाली ठेव. राग आहे हे प्रेक्षकाला श्वासावरून आणि न हलणाऱ्या हातांवरून कळू दे. तो बाहेर पडण्याची वाट त्याने दोन अंक पाहिली तरी चालेल, किंबहुना त्याने ती पाहिलीच पाहिजे.

तुमच्या संहितेत सरकारी नोकऱ्यांतल्या ५० टक्के जागांचा हुकूम महाराज भरदरबारात जाहीर करतात, असे तू कळवले आहेस. तो हुकूम २६ जुलै १९०२ चा आहे आणि त्या वेळी महाराज सातव्या एडवर्डच्या राज्यारोहण समारंभासाठी विलायतेला गेलेले होते. हुकूम करवीर सरकारच्या गॅझेटात छापून आला. रिकाम्या होणाऱ्या जागांपैकी निम्म्या मागासलेल्या वर्गांतून भरल्या जाव्यात, ही त्यातली कारकुनी भाषेतली वाक्ये मला कोणत्याही स्वगतापेक्षा अधिक नाट्यमय वाटतात. लेखक-दिग्दर्शकांशी आदराने बोलून पाहा. हुकूम एखाद्या कारकुनाने कचेरीत वाचावा, ऐकणाऱ्यांचे चेहरे बदलत जावेत आणि राजा रंगमंचावर नसावा. हे सुचवताना तुझी हक्काची टाळी जाईल हे मला कळते, तरीही सुचव.

अंगयष्टीविषयी थोडे. महाराज उंच आणि धिप्पाड होते, कुस्तीच्या मातीत घडलेले होते. पोटाला कापूस बांधून ते वजन येत नाही. गंगावेशीतल्या किंवा मोतीबागेतल्या तालमीत जाऊन एखादा वयस्क वस्ताद खाली कसा बसतो, उठताना भार कोणत्या पायावर घेतो, वळताना आधी मान वळते की खांदा, हे पाहत बस. मात्र म्हातारा आवाज काढू नकोस. ६ मे १९२२ रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले तेव्हा त्यांना ४८ वे वर्ष पुरे झालेले नव्हते. भाषेचे म्हणशील तर राजकोट-धारवाडला शिकलेला, गोऱ्या अधिकाऱ्यांशी त्यांच्या भाषेत बोलणारा हा राजा शेतकऱ्याशी मात्र शेतकऱ्याच्याच बोलीत बोलत असे. ती बोली तुझ्या घरात आहे, हे तुझे भाग्य समज. तिच्यावर हशा वसूल करू नकोस.

१९१८ चा प्रवेश सर्वांत अवघड आहे. धाकटे राजपुत्र शिवाजी शिकारीत घोड्यावरून पडून गेले आणि इंदुमतीदेवी अगदी कोवळ्या वयात विधवा झाल्या. या सुनेच्या शिक्षणाची व्यवस्था महाराजांनी कोल्हापूरजवळच्या सोनतळीला केली. येथे रडलास तर प्रेक्षकही रडेल आणि प्रवेश तेवढ्यावर संपेल. तू सुनेसमोर पुस्तक ठेव, ती ते उघडेपर्यंत थांब, आणि त्या थांबण्यात मुलगा गमावलेला बाप आपोआप येऊ दे. या प्रवेशातली तुझी निम्मी वाक्ये काढली तरी काही बिघडणार नाही, असे माझे मत आहे.

महाराजांनीच बांधवलेल्या पॅलेस थिएटरमध्ये, म्हणजे आपल्या केशवराव भोसले नाट्यगृहात, ही भूमिका करण्याची तुझी इच्छा मी जाणतो. ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री ते जळताना या गावातल्या कलावंतांना काय वाटले, ते तुला मी सांगायला नको. पण कोणत्याही सभागृहात प्रयोग झाला तरी शेवटच्या रांगेतल्या माणसाला तुझा हळू आवाजही स्पष्ट ऐकू गेला पाहिजे, यासाठी रोज सकाळी संहितेतला कोणताही उतारा मोठ्याने न ओरडता, शब्दांची शेवटची अक्षरे न गिळता वाचत जा.

पुढच्या तालमीला मी येईन. त्या दिवशी घाटाचा प्रवेश प्रथम एकही संवाद न बोलता करून दाखव. त्यानंतर कोणती वाक्ये ठेवायची ते आपण दिग्दर्शकांसह बसून ठरवू.

तुझा शुभचिंतक